शनिवारचा खाऊ आणि रात्रीची बाटली: दुधाचे दात का किडतात, हे जगाला कसं कळलं?

ज्यांना हा भाग लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे वाक्यं थोडी इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या घरातून आला. माझी भाची अडीच वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिचा फोटो काढताना लक्षात आलं, की वरचे पुढचे चार दात हिरडीजवळ तपकिरी झालेत. एकाचा तर कोपराच उडालेला. ताई म्हणाली, "रात्री दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय ती झोपतच नाही रे." मग घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, "दुधाचेच दात आहेत, पडणारच की! एवढं काय त्यात?" आणि एक काकू म्हणाल्या, "आईचं लक्ष नको का?" ताई काहीच बोलली नाही. आत जाऊन रडली.

मला तेव्हा प्रश्न पडला. रात्रीच्या बाटलीने दात किडतात, हे माणसाला कधी कळलं? कसं कळलं? शोधायला गेलो आणि थेट स्वीडनमधल्या एका हॉस्पिटलात पोहोचलो. तिथली गोष्ट आहे थोडी जड, पण ऐकण्यासारखी आहे. आधी मात्र आपल्या भाषेतल्या एका शब्दापासून सुरुवात करू.

कीड कुठून आली?

आपण म्हणतो "दाताला कीड लागली". "दात किडला". म्हणजे शब्दातच किडा आहे! आणि ही फक्त मराठीची गंमत नाही. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर एक मंत्र सापडलाय. त्यात एक किडा देवाकडे राहायला जागा मागतो, आणि ती जागा म्हणजे दात आणि हिरडी यांच्या मधली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये 'कृमिदंतक' आहे, म्हणजे तिथेही कृमी आलाच. खेडोपाडी भुईरिंगणीच्या बियांची धुरी दाताला द्यायची पद्धत होती. धुरीने किडे बाहेर पडतात, अशी समजूत. तुमच्या पणजीला विचारता आलं असतं तर तिनेही सांगितलं असतं.

हसू नका हं. दाताला भोक पडतं, आत काळं दिसतं, ठणका लागतो. लाकडाला भोक पडलं तर आत किडा असतो, धान्याला भोक पडलं तर आत किडा असतो. मग दातात का नसेल? डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून काढलेला हा सरळ तर्क होता.

१७२८ साली पिअर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. आधुनिक दंतवैद्यक तिथून सुरू झालं असं मानतात. फोशारने किडलेल्या दातांत किडा शोधला, त्याला तो काही सापडला नाही. उलट गोड खाण्याने दात बिघडतात, असा इशारा त्याने दिला. पण गोडाने नेमकं काय होतं, हे कळायला अजून दीडशे वर्षं लागली.

बर्लिन: लाळ, पाव आणि उपटलेले दात

विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. हा रॉबर्ट कॉकचा काळ, म्हणजे क्षयाचे जंतू, कॉलऱ्याचे जंतू एकेक करून सापडत होते तो काळ. मिलरने काय केलं? उपटलेले दात घेतले, ते लाळेत ठेवले, आणि त्यात पाव किंवा साखर मिसळली. काही दिवसांनी दात मऊ पडले, त्यांच्यातला चुना निघून गेला. मग त्याने लाळ आधी उकळून घेतली. आता काहीच झालं नाही! कारण उकळल्यावर लाळेतले जंतू मेले होते.

म्हणजे दात कुणी खात नाही. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, त्यातून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दात विरघळवतं. मिलरने हे १८९० मध्ये पुस्तकात मांडलं. पुढे १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. या किडीतला तो सगळ्यात बदनाम जंतू. तर बॅबिलोनवाले अगदीच चुकले होते असंही नाही. जीव होताच, फक्त डोळ्यांना दिसत नव्हता.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफनने अजून एक गोष्ट दाखवली. दातांवरच्या चिकट थरात आम्लता किती आहे, हे त्याने मोजलं. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत आम्लता झपकन वाढते, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात लाळ आपलं काम करते. आम्ल धुऊन काढते, दाताला गेलेली खनिजं थोडी परत देते. म्हणजे तोंडात दिवसभर एक रस्सीखेच चालू असते. खाल्लं की दात हरतो, मधे उसंत मिळाली की लाळ त्याला सावरते.

आता प्रश्न असा उरला, की खऱ्या माणसांत नेमकं काय वाईट? जास्त साखर खाणं की सारखी सारखी खाणं? हे प्रयोगशाळेत कळणार नव्हतं. त्यासाठी माणसं लागणार होती.

लुंड: ज्यांना कुणी विचारलं नाही

मंडळी, आता ती जड गोष्ट.

१९३० च्या दशकात स्वीडनमध्ये लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे दात किडलेले होते. सरकारने १९३८ मध्ये सार्वजनिक दंतसेवा सुरू केली, पण नुसतं भरत आणि उपटत बसून किती दिवस चालणार? मूळ कारण शोधायला हवं होतं. म्हणून सरकारच्या वैद्यकीय खात्याने एक मोठा अभ्यास करायचं ठरवलं. जागा निवडली लुंड शहरातलं वीपेहोल्म हॉस्पिटल.

तिथे कोण राहत होतं? बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं. तेव्हाच्या सरकारी भाषेत ज्यांना 'शिकवता न येणारे' म्हणत ती. त्यांतली कितीतरी आयुष्यभर तिथेच राहायची. ती कुठे जाणार नव्हती, काय खातात यावर पूर्ण नियंत्रण ठेवता येत होतं, आणि ती तक्रार करू शकत नव्हती. संशोधनासाठी 'सोयीची' माणसं!

अभ्यास १९४५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला जीवनसत्त्वांचा परिणाम बघत होते. १९४७ पासून दिशा बदलली आणि गोडाची पाळी आली. रुग्णांचे गट पाडले. एका गटाला जेवणासोबत साखरेचं पाणी. एकाला गोड पाव. एकाला चॉकलेट. आणि काही गटांना टॉफी, दिवसाला ८ किंवा २४, आणि तीही दोन जेवणांच्या मधे. ही टॉफी बाजारातली नव्हती. दाताला जास्तीत जास्त चिकटून राहावी म्हणून ती खास बनवून घेतली होती. अभ्यासाला गोळ्या-चॉकलेट बनवणाऱ्या उद्योगाचाही हातभार होता.

निकाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. ४३६ माणसं, पाच वर्षं. त्यातून जे कळलं ते आजही जगभरच्या दंतवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. जेवणासोबत साखर खाल्ली, अगदी बरीच खाल्ली, तरी कीड फार वाढली नाही. तीच साखर चिकट रूपात, जेवणाच्या मधे, वारंवार खाल्ली तेव्हा कीड प्रचंड वाढली. टॉफी बंद केल्यावर नवी कीड लागण्याचं प्रमाण पुन्हा खाली आलं.

म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे महत्त्वाचं.

पण ज्या दातांना भोकं पडली, ती पडलीच. टॉफीच्या गटांतल्या माणसांचे दात कायमचे गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या नातेवाइकांनाही नाही. ठणका लागल्यावर त्यांतल्या अनेकांना "दात दुखतोय" एवढंही सांगता येत नसेल. आज असा प्रयोग कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही.

हे वाचल्यापासून मला एक गोष्ट सुचत राहते. आपण मुलाला "जेवणानंतर खा, मधेमधे नको" म्हणतो ना, त्या साध्या वाक्यामागे ही माणसं आहेत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

शनिवारचा खाऊ

स्वीडनने यातून काय घेतलं? १९५० च्या दशकात सरकारने लोकांना एक साधा सल्ला दिला. मुलांना गोड द्या, पण रोज थोडं थोडं नको. आठवड्यातून एकदा, शनिवारी द्या! याला तिथे 'लॉर्डागसगूदिस' म्हणतात, सरळ मराठीत 'शनिवारचा खाऊ'. आजही स्वीडनमध्ये शनिवारी मुलं पिशवी घेऊन दुकानात जातात आणि सुट्या गोळ्या निवडून भरतात. ज्या पोरांना हे लहानपणापासून ठाऊक, त्यांना वीपेहोल्म ठाऊक असेलच असं नाही.

स्वीडिश मुलांचे दात पुढच्या दशकांत खूप सुधारले. ते एकट्या शनिवारमुळे नव्हे हं. फ्लोराइडची टूथपेस्ट आली, मुलांसाठी मोफत दंतसेवा होती, शाळांतून लक्ष ठेवलं जायचं. पण "गोडाला एक वेळ ठरलेली असते" ही सवय घराघरात रुजली, ती शनिवारमुळे.

आणि आता बाटली

इथे माझ्या भाचीची गोष्ट परत येते. कारण वीपेहोल्ममधली माणसं बहुतेक मोठी होती. बाळांचं काय?

बाळांच्या दातांचा हा खास नमुना डॉक्टरांना आधीपासून दिसत होता. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी १८६२ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. पण त्याला नाव आणि कारण मिळालं ते शंभर वर्षांनी. १९६२ साली अमेरिकन दंतवैद्य इलायस फास यांनी थेट विचारलं, की बाटलीतलं दूध कीड लागायला कारण ठरतं का? मग 'बाटलीची कीड' हा शब्द रूढ झाला.

नमुना ओळखू येण्यासारखा आहे. वरचे पुढचे चार दात आधी जातात, मग दाढा. खालचे पुढचे दात मात्र चांगले राहतात! का? तर बाटली तोंडात असताना जीभ खालच्या दातांवर येते, आणि जिभेखालच्या ग्रंथींमधून येणारी लाळ त्यांना धुते. वरच्या दातांभोवती दूध साचून राहतं.

आणि रात्रीच का? कारण झोपेत लाळ अगदी कमी होते. स्टीफनची ती रस्सीखेच आठवते? रात्री लाळेची बाजू सांभाळायला कुणी नसतं. बाळ झोपेत मधेमधे दोन घोट ओढतं, दूध दातांवर तासन्‌तास राहतं. दुधात साखर घातली असेल, किंवा बाटलीत सरबत, फळांचा रस असेल, तर अजून वाईट. म्हणजे वीपेहोल्मची चिकट टॉफी आणि रात्रीची बाटली, दोन्ही दाताला तेच करतात. दाताला उसंत मिळू देत नाहीत.

यात अजून एक बदल झाला, तो मला फार आवडला. १९९० च्या दशकात तज्ज्ञांनी 'बाटलीची कीड' हा शब्द मागे ठेवला आणि 'बालवयातली लवकरची कीड' अशा अर्थाचं नाव घेतलं. कारण बाटली न घेणाऱ्या मुलांनाही हे होतं. त्यात जंतू आहेत, दाताचं कवच किती पक्कं ते आहे, घरात काय खायला परवडतं ते आहे, टूथपेस्ट मिळते का, दवाखाना किती लांब आहे, हे सगळं आहे. नावात बाटली असली की बोट आईकडे जातं. माझ्या काकूंचं गेलं तसंच.

आपल्याकडे

१९५० च्या आसपास लुंडमध्ये टॉफीचे गट चालू होते. त्याच वेळी आपल्याकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना गोळा करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. त्या कारखान्याने किती घरं उभी केली, हे वेगळं सांगायला नको. आपल्यासाठी साखर म्हणजे आनंद. बारसं झालं, पेपरात पहिला नंबर आला, तोंड गोड करा! साखर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये.

पण आपली सवय बघा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. दहा वाजता अजून एक, रडू नये म्हणून. आजोबा बाहेरून आले की खिशातून गोळी. दुपारी झोपताना बाटली. संध्याकाळी मोबाइल बघताना परत बिस्कीट. रात्री बाटली. मोजलं तर साखर फार नसेलही, पण दाताला उसंत कधी मिळाली? बिस्कीट आपल्याला गोड वाटत नाही, पण दाढांच्या खाचांत त्याचा लगदा बसतो तो किती वेळ राहतो, ते आरशात बघा.

२००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या पाच वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांना कीड सापडली होती. म्हणजे माझी भाची एकटी नाही. आणि हो, १९९२ पासून आपल्याकडे कायदा आहे, दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. तो मुख्यतः स्तनपान वाचवण्यासाठी आणि बाळांना जुलाबांपासून जपण्यासाठी आणला गेला. पण बाटली कमी झाली तर दातही वाचतात.

"पडणारच की" याचं उत्तर

आजीचा मुद्दा राहिला. दुधाचे दात पडतात, खरंच. पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचं होताना. दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत असतात. म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या तोंडात दुधाच्याच दाढा असतात, आणि त्यांनीच ते भाकरी चावतं. त्या ठणकल्या तर झोप नाही, जेवण नाही, शाळेत लक्ष नाही. खाली पक्का दात तयार होत असतो, त्याची जागा हे दातच राखून ठेवतात. पू झाला तर त्या पक्क्या दातालाही धक्का बसू शकतो.

तर मग करायचं काय? आमच्या ताईला दातांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं आणि मी नंतर वाचून ताडून पाहिलं, ते थोडक्यात.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू. दिवसातून दोनदा, त्यातली एक वेळ रात्री झोपताना. त्यानंतर फक्त पाणी.

टूथपेस्ट फ्लोराइडची, पण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. फ्लोराइड दाताचं कवच घट्ट करतं, पण जास्त गिळलं तर पुढच्या दातांवर डाग येतात. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या लोकांनी डॉक्टरांना विचारूनच पेस्ट निवडावी.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने करून द्यायचा. मुलाला स्वतः करू दे, मग तुम्ही एक हात फिरवा.

वर्षाचं झालं की बाटलीवरून हळूहळू पेल्यावर. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. आईचं दूध बंद करा असं इथे कुणी म्हणत नाहीये. दात आले की ते स्वच्छ ठेवा, एवढंच.

चोखणीला मध किंवा साखर लावायची नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये, त्याचं कारण दातांपेक्षाही गंभीर आहे. मधातून एक जंतू जाऊन बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं.

आणि महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. त्या टप्प्यावर ती थांबवता येते, दात सावरतो. तपकिरी व्हायची वाट बघू नका. एक वर्षाच्या आत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा, दुखत नसलं तरी.

माझ्या भाचीच्या दोन दातांवर उपचार झाले. बाटली सुटायला तीन आठवडे लागले, त्यातले पहिले चार दिवस घरात कुणीच झोपलं नाही. आजी आता रात्री स्वतः ब्रश घेऊन बसते. "पडणारच की" अजून म्हणते, पण ब्रश करताना म्हणते. खाऊचा डबा आमच्याकडे आता रविवारी उघडतो, कारण शनिवारी आजीचा उपास असतो.

तुमच्या घरात भाचा, पुतणी, शेजारचं पिल्लू असेल तर हा भाग त्यांच्या आईलाच नव्हे, बाबालाही पाठवा. आजी-आजोबांना तर आधी. आणि खिशात गोळी घेऊन फिरणारे लाडके काका तुम्हीच असाल, तर गोळी द्या की! फक्त जेवण झाल्यावर द्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.